मोड १३ हेक्स: फार पोक ठेवू की निअर पॉइंटर चालू करू?

पिक्सेलवेडा:
डीजेजीपीपीमध्ये (डॉससाठीचा सी कंपायलर) ३२ बिट डॉस प्रोग्रॅम लिहितोय, मोड १३ हेक्स म्हणजे ३२० बाय २००, २५६ रंग. रिअल मोडमध्ये (डॉसचा जुना १६ बिट मोड) ए००० सेगमेंटला, म्हणजे व्हिडिओ मेमरीला, पॉइंटर लावला की काम झालं, इथे तसं केलं की सरळ फॉल्ट येतो, सीपीयू प्रोग्रॅमच थांबवतो. फार पोकने (दर वेळी सेगमेंट सांगून मेमरीत लिहिणारं फंक्शन) चित्र दिसतं पण स्लो वाटतं. निअर पॉइंटर (साध्या पॉइंटरने थेट व्हिडिओ मेमरीत लिहायची सोय) चालू केला तर वेग मिळेल म्हणतात, पण त्यात धोका नक्की काय?

रजिस्टर३८६:
तुझ्या डेटा सेगमेंटचा बेस (सुरुवातीचा पत्ता) शून्य नाहीये, त्यामुळे ए०००० हा पत्ता तिथे भलतीकडेच जातो आणि लिमिटच्या (सेगमेंटची हद्द) बाहेर पडला की फॉल्ट. निअर पॉइंटर हे लिमिटच ४ जीबीपर्यंत ताणतो, म्हणजे व्हिडिओ मेमरी दिसते पण डॉससुद्धा उघडं पडतं. एखादा चुकार पॉइंटर खाली पत्ता शून्यपाशी लिहून गेला की इंटरप्ट टेबल (कीबोर्ड, टायमर वगैरेंनी हाक मारली की कुठला कोड चालवायचा त्याची यादी) खराब, आणि मग मशीन हँग, कुठल्या ओळीवर मेलं तेही कळत नाही. काही डीपीएमआय होस्ट (डॉसमध्ये ३२ बिट प्रोग्रॅम चालवून देणारा प्रोग्रॅम) याला परवानगीच देत नाहीत, त्यामुळे रिटर्न व्हॅल्यू तपासच.

फ्रेमबफर:
वेगासाठी एवढी जोखीम कशाला घेतोस? सेगमेंट रजिस्टर लोड करताना प्रोटेक्टेड मोडमध्ये (तुझा ३२ बिट प्रोग्रॅम चालतो तो मोड) सीपीयू डिस्क्रिप्टर (सेगमेंटचा बेस आणि लिमिट लिहिलेली नोंद) वाचतो, तपासतो, आणि फार पोकमुळे तू ते पिक्सेलमागे करतोयस, दुखणं तिथेच आहे. ६४००० बाइटचा बफर साध्या रॅममध्ये घे, सगळं त्यात काढ आणि फ्रेम तयार झाली की डॉसमेमपुटने (डीजेजीपीपीचं कॉपी फंक्शन) व्हिडिओ मेमरीत एकदाच कॉपी कर. पारदर्शक स्प्राइटसाठी खालचा रंग वाचावा लागतो ना, तो व्हिडिओ मेमरीतून वाचणं फार महाग, बफरमधून काहीच नाही. कॉपीआधी व्हिडिओ कार्डाच्या पोर्ट ३डीएचा बिट ३ बघून रिट्रेसची (मॉनिटर एक फ्रेम संपवून परत वर जातो तो क्षण) वाट बघ, चित्र फाटणार नाही.

पिक्सेलवेडा:
बफर केला, जमीन-अस्मानाचा फरक पडला! ६४० बाय ४८० ला पण हेच चालेल का?

रजिस्टर३८६:
बफर हाच, पण ३०७२०० बाइट ए०००० च्या ६४ केबीच्या खिडकीत मावत नाहीत, मग बँक (खिडकीतून दिसणारा व्हिडिओ मेमरीचा तुकडा) बदलत बसावं लागतं. कार्ड व्हीबीई २.० वालं (मोठ्या व्हिडिओ मोडसाठीचं स्टँडर्ड) असेल तर लिनिअर फ्रेमबफर (सगळी स्क्रीन सलग एकाच पत्त्यापासून) घे, त्याचा फिजिकल पत्ता डीपीएमआयच्या ०८०० फंक्शनने मॅप कर आणि त्यावर स्वतःचा सिलेक्टर (म्हणजे वेगळ्या सेगमेंटचा क्रमांक) बनव, लिमिट ३०७१९९. स्क्रीनच्या खाली एक बाइट जरी गेला तरी त्याच ओळीवर फॉल्ट येतो, निअर पॉइंटरमध्ये हे कधीच मिळणार नाही.