उतारावर पळाल्यापासून मांड्या भरून आल्यात, जिना उतरवत नाही

पायपीट:
मंडळी, कोचने परवा उतारावरचे रिपीट्स (तोच उतार परत परत पळत उतरायचा) घेतले आणि वर लगेच लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं). त्या दिवशी काहीच वाटलं नाही, मस्त जेवलो झोपलो, काल सकाळी जरा आखडल्यासारखं झालं आणि आज तर मांड्यांना हात लावू देववत नाही, जिना कठडा धरून आडवा आडवा उतरतोय. चढताना तेवढं नाही, उतरतानाच जीव जातो. टीममधला एक म्हणतो लॅक्टिक ॲसिड साठलंय, स्ट्रेचिंग करून काढ. दुसरा म्हणतो बर्फाच्या पाण्यात बस. उद्या परत प्रॅक्टिस आहे, काय करू?

जुना_धावपटू:
लॅक्टिक ॲसिडचं सोडा हो, ते व्यायाम थांबल्यावर तासाभरात बहुतेक निघून जातं, आजपर्यंत कुठलं राहतंय. हे डॉम्स आहे, म्हणजे व्यायामानंतर एखाद-दोन दिवसांनी उशिरा येणारं स्नायूंचं दुखणं. उतारावर पळताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो, त्यात तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि मग सूज. जिना उतरताना पण तोच ब्रेक, म्हणून तिथेच कळ येते. साधारण 24 ते 72 तासांत ठणका सगळ्यात जास्त, मग आपोआप उतरतो. पडून राहू नका. सायकल हलक्या गिअरवर 15-20 मिनिटं, गप्पा मारता येतील इतपतच दम लागला पाहिजे.

रोलरवाली:
+१. स्ट्रेचिंगने या दुखण्यात जवळपास काही फरक पडत नाही हे अभ्यासातून बऱ्याचदा दिसलंय, तरी लोक ताणत बसतात आणि वर अजून दुखवून घेतात. फोम रोलरने (फोमचा कडक लोड असतो तो) थोडं हलकं वाटतं. मांडीवर सावकाश फिरवायचा, दुखरी जागा आली की श्वास सोडत तिथे जरा थांबायचं, गुडघ्यावर नाही न्यायचा. आणि झोप!! ती कापून बाकी सगळे उपाय करण्यात काय अर्थ आहे

लोखंड:
बर्फाच्या पाण्याला एवढं डोक्यावर घेऊ नका राव. 10 ते 15 अंशाच्या पाण्यात 10-15 मिनिटं बसलं की दुखणं थोडं कमी जाणवतं हे खरं, लागोपाठ मॅचेस असतील तर जरूर बसा. पण ताकद आणि मसल वाढवायला जिम करताय आणि दर सेशननंतर बर्फात बसताय तर ती वाढच थोडी मंदावते.

पायपीट:
ओके बर्फ कॅन्सल. मग पेनकिलर घेऊन उद्या प्रॅक्टिसला जाऊ का?

जुना_धावपटू:
गोळी खाऊन उड्या मारायला नको, दुखणं दबतं पण स्नायूची ताकद अजून कमीच असते. कोचला सरळ सांगा, उद्या पायाला हलकं द्या म्हणावं. उतार मात्र कायमचा बंद करू नका, पुढच्या वेळी निम्मे रिपीट्स घ्या. एकदा हा मार बसला की पुढचे काही आठवडे तेच काम केलं तरी दुखणं बरंच कमी येतं.
आणि हो, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, पाय खूप सुजले किंवा एकदम लुळे वाटले तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा, स्नायू फुटून किडनीवर येऊ शकतं.

पायपीट:
लघवी नॉर्मल आहे 😅 कोचला मेसेज टाकलाय, सायकल काढतो आता.