स्थिरावलेल्या परदेशी वनस्पतींना जिल्ह्याच्या वनस्पतीसूचीत जागा हवी की नको?

माळरान
पुणे जिल्ह्याच्या ज्या वनस्पतीसूचीवर आपण काम करतो, तिच्यातून कॉसमॉस, रानमोडी, घाणेरी वगैरे काढून टाकावं आणि सूची फक्त देशी वनस्पतींची ठेवावी, असा प्रस्ताव आला आहे. माझा याला ठाम विरोध आहे.

बंगल्याच्या आवारात लावलेला गुलमोहर सूचीत नको, हे मान्य. पण कुणी न लावता, कुणी पाणी न घालता, स्वतःच्या बियांवर वर्षानुवर्षं वाढणारी वनस्पती त्या भूभागावर नांदते आहे, ती आपल्याला आवडो न आवडो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पुण्याच्या कुठल्याही टेकडीवर जा. पायवाटेच्या दोन्ही अंगांना पिवळा-नारिंगी कॉसमॉस कमरेएवढा माजलेला असतो. त्याच्या लांबट काळपट बियांच्या टोकाला बारीक काटे असतात, ते पँटला धरतात आणि आपणच ते बी पुढच्या वळणापर्यंत पोचवतो. हा कॉसमॉस कुठल्या टेकडीवर कुठल्या साली पोचला, हे आज कुणी खात्रीने सांगू शकतं का?

गाजर गवताचंच बघा. पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत योजनेतल्या गव्हाबरोबर ते देशात आलं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पुण्यात ते १९५०च्या दशकात नोंदलं गेलं, हे खरं. पण डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत त्याचा १८८० सालचा वाळवलेला नमुना आहे! गव्हातून नवं बी आलंही असेल, पण गवत त्याआधी सत्तरेक वर्षं देशात होतं, हे त्या एका नमुन्यामुळे कळतं. तेव्हा कुणी ‘परदेशी आहे, कशाला ठेवायचं’ म्हणून तो फेकला असता तर?

सड्यावरची
दादा, तुमचा मुद्दा समजला, पण पटला नाही. आपण माणसं मोजकी आणि सगळे नोकऱ्या सांभाळून हे करतो. सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर, कंदीलपुष्पाच्या अशा जाती आहेत ज्या पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नाहीत. त्या पावसाळ्याचे काही आठवडेच दिसतात, आणि तिथे पवनचक्कीचा रस्ता झाला की संपल्या. हौशी मंडळी फोटो कशाचे पाठवतात? कॉसमॉसचे, कारण तो ठसठशीत दिसतो. तपासणाऱ्याचा वेळ त्यातच जातो.

दुसरी भीती जास्त मोठी आहे. जिल्ह्याच्या सूचीत नाव आलं की लोक ते आपलंच झाड समजतात. टेकड्यांवर गिरिपुष्प हे परदेशी झाड हेक्टरच्या हेक्टर लावलं गेलं, तशीच परदेशी सुबाभूळही. उद्या रोपं लावणारे आपलीच सूची पुढे करतील, तेव्हा काय सांगणार?

शिवार
मी सोलापूरकडचा शेतकरी. मला हा देशी-परदेशी भेदच कळत नाही. मिरची बाहेरची, सीताफळ बाहेरचं. खुरपं लागलं की आम्ही बांधावरचा दगडी पाला चुरगाळून रस जखमेवर पिळतो, माझी आजीपण तेच करायची. आता कळतंय की तोही अमेरिका खंडातला. वेड्या बाभळीनं रानं गिळली हे खरं, पण गावातल्या कित्येक चुली तिच्यावरच पेटल्यात. झाड आहे, नोंद करा आणि सोडा. कुठून आलं त्याचा शिक्का कशाला?

माळरान
शिवारदादा, मूळ प्रदेश लिहिणं म्हणजे झाडाला दोष देणं नव्हे. गाजर गवत मेक्सिकोकडचं हे माहीत होतं, म्हणून त्याची पानं खाणारा भुंगा तिथून शोधून १९८४ मध्ये भारतात सोडता आला. मूळच ठाऊक नसतं तर शत्रू कुठे शोधला असता? आणि तुमच्या आजीचा दगडी पाला सूचीत यायलाच हवा, उपयोगासकट.

ताई, ‘सूचीत आहे म्हणजे आपलं’ हा गैरसमज नोंद पुसून जाणार नाही. उलट नावासमोरच मूळ प्रदेश, पहिली नोंद कधीची, आपोआप रुजते का आणि पसरते किती, हे छापा. मग रोपं लावणाऱ्यालाही तेच वाचावं लागेल.

खाजणकाठ
मी कोकणातला, माळरान यांच्या बाजूने. आमच्याकडे काजूची बाग दोन वर्षं साफ केली नाही तर रानमोडी आत शिरू देत नाही. नवी वनस्पती पाच-पन्नास रोपांत दिसते तेव्हा ती उपटता येते, डोंगरभर झाल्यावर नाही. थिओडोर कुक या ब्रिटिश वनस्पतीतज्ज्ञाने १९०१ ते १९०८ मध्ये मुंबई इलाख्याची वनस्पतीसूची छापली, म्हणून आज कुठली जात नंतर आली ते ताडून बघता येतं. आपल्यानंतरच्यांनी कशाशी ताडायचं?

सड्यावरची
उपटण्याचा मुद्दा वजनदार आहे. तरी सरसकट नोंदींना माझा विरोध कायम आहे. रोप लावलेलं की आपोआप रुजलेलं, हे लिहिलेलं नसेल तर ती नोंद घेऊच नये. आणि तपासणीत प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त याच भागात सापडणाऱ्या, वनस्पतींचा नंबर नेहमी आधी लागावा.

माळरान
पहिली अट तंतोतंत मान्य. दुसरीत एक अपवाद हवा: जिल्ह्यात पूर्वी कधीच न नोंदलेली परदेशी जात आली, तर ती त्याच आठवड्यात तपासायची. ती रांगेत थांबली तर तोवर बी पडून जाईल.