बदनामीची नोटीस आलीय, पुरावा नक्की कोणी द्यायचा? मदत हवी आहे

मंडळी, वकील कोणी असेल तर प्लीज सांगा. आमच्या गल्लीतल्या गटाराच्या कामावर मी फेसबुकवर लिहिलं होतं, की बिलात 80 मीटर दाखवलंय आणि आम्ही टेप लावून मोजलं तर 52 च भरलं, फोटोपण टाकले. आता माजी नगरसेवकांच्या वकिलाची नोटीस आलीय, 7 दिवसांत माफी मागा नाहीतर 5 लाख द्या. बायको म्हणते टाक डिलीट करून.

मी थोडं वाचलं तर डोकंच फिरलं. अमेरिकेत 1964 च्या सलिव्हन निकालापासून पुढाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं की लिहिणाऱ्याला खोटं माहीत होतं किंवा त्याने खऱ्याखोट्याची फिकीरच केली नाही. आपल्याकडे 1994 च्या राजगोपाल केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी कामाबद्दलच्या टीकेला तसंच काहीसं संरक्षण दिलं, वाजवी खातरजमा करून लिहिलं असेल तर बास, पण ते नुकसानभरपाईच्या दाव्यापुरतं ना? फौजदारीत, म्हणजे जुन्या दंड संहितेचं (IPC) कलम 499-500, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 356, तिथे खरं आहे आणि लोकहितासाठी आहे हे आरोपीनेच दाखवायचं म्हणे, आणि शिक्षा 2 वर्षांपर्यंत!

माहिती अधिकारात मिळालेली बिलाची कॉपी माझ्याकडे आहे, शिक्क्यासकट. मोजमाप मात्र आमचंच, शेजारच्या काकांनी टेपचं दुसरं टोक धरलेलं. एवढं पुरेल का? की आधी इंजिनिअरकडून मोजून घेऊ? आणि उत्तर वकिलामार्फतच द्यायचं का? चार दिवस उरलेत.