मदत हवी आहे: १० बाय १२ च्या खोलीत स्पीकर केईएफचे की हार्बेथचे?

मंडळी, दोन महिने डोक्याचा भुगा झालाय. आता तुम्हीच काय ते सांगा.

दादरला जुन्या इमारतीत राहतो. आतली खोली बाबांची होती, ती गाणं ऐकण्यासाठी वापरायला घरून एकदाची परवानगी मिळाली आहे. अट एकच, आईचं लोखंडी कपाट तिथून हलणार नाही. खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, खाली टाइल्स, एका बाजूला सरकती काचेची खिडकी. टाळी वाजवली की मागे बारीकसा ‘टिंग’ रेंगाळतो.

ऐकतो मुख्यतः शास्त्रीय. मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई, कुमारजी. त्यातलं बरंचसं जुनं मोनो, टेपवरून उतरवलेलं. सिनेमे बघायचे नाहीत, घर हादरवायचं नाही. भिंतीपलीकडचे काका दहालाच झोपतात. अ‍ॅम्प्लिफायर यामाहाचा ए-एस५०१, ८५ वॉटचा, तो बदलणार नाही. जुन्या स्पीकरच्या वूफरची (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची) फोमची कड यंदाच्या पावसाळ्यात बोट लावताच भुसा होऊन हातात आली, म्हणून हा खटाटोप.

ऐकून ऐकून दोनच उरलेत: केईएफ एलएस५० मेटा आणि हार्बेथ पी३ईएसआर. गंमत म्हणजे घराणं एकच. दोघांचाही पूर्वज बीबीसीचा छोटा स्पीकर एलएस३/५ए, आणि त्यात ड्रायव्हर (आवाज काढणारे आतले भाग) केईएफचेच होते. पण गायकी वेगळी. केईएफमध्ये ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) वूफरच्या पोटातच बसवलाय, त्यामुळे आवाज एका बिंदूतून येतो. मन्सूर बरोब्बर समोर, हात लांब केला तर लागतील इतके. हार्बेथवर तेवढं रेखीव नाही, पण गळ्याला मांस आहे. किशोरीताईंचा श्वास ऐकू आला आणि मी दुकानदाराशी बोलणंच विसरलो. किंमत मात्र केईएफपेक्षा चांगलीच वर.

अडचण अशी की हे सगळं ऐकलं दुकानात. जाड गालिचा, पडदे, भिंतींना फोमच्या लाद्या. तिथे माझा मोबाइलही बरा वाजला असता. घरी डेमो द्यायला दुकानदाराने साफ नकार दिला.

माझ्याकडे स्पीकरमागे जेमतेम ८ इंच जागा आहे. केईएफचा पोर्ट (पेटीतली हवा बाहेर सोडणारं भोक) मागे, हार्बेथ बंद पेटी. भिंतीजवळ केईएफ घुमेल का? आणि हार्बेथची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटला किती मोठा वाजतो ते) फक्त ८३.५ डेसिबल, माझ्या यामाहाला झेपेल?

प्रतिसाद १

अ‍ॅम्पची काळजी सोडा. केईएफ तरी कुठे मोठा, ८५ डेसिबल. दीड डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला साधारण १.४ पट वॉट. आठ फुटांवरून ऐकताना ८५ वॉट संपायच्या आधी काका बेल वाजवतील.

खरा प्रश्न खोलीचा. तुमची १२ फुटांची बाजू ४७ हर्ट्झच्या (सेकंदाला ४७ कंपनं) आसपास घुमणार, १० फुटांची ५६ ला, आणि साडेनऊची उंची ५९ ला. शेवटचे दोन जवळजवळ एकावर एक बसलेत, हे वाईट. स्पीकर कोपऱ्यात कोंबलेत तर ते आणखी जागे होतात.

आता तुमचं गाणं बघा. पुरुष गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असेल तर तानपुऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झ. कागदावर केईएफ खाली ७९ पर्यंतच उतरतो, हार्बेथ ७५ पर्यंत. म्हणजे खर्जाचा मूळ स्वर दोघांकडेही थोडा क्षीणच. तरी तानपुरा ऐकू येतो, कारण जवारीमुळे (घोडीवर तार झणझणते त्यामुळे) वरचे स्वर भरपूर असतात आणि कान खालचं भरून काढतो. त्यात भिंत जवळ असली की खालचे स्वर उचलले जातात. बंद पेटीला ही उचल मानवते, मागच्या पोर्टवाल्याला ८ इंचांत ती जास्त होऊ शकते. माझं मत हार्बेथ. पण आधी खिडकीला जाड पडदा आणि खाली सतरंजी. ‘टिंग’ कुठलाही स्पीकर घालवणार नाही.

प्रतिसाद २

पडदा-सतरंजीनंतर केईएफही चालेल असं मला वाटतं, वाचलेल्या पैशांत स्टँड होतील. लोहाराकडून करून घ्या, पाइपात कोरडी वाळू भरा. बसल्यावर ट्वीटर कानाच्या उंचीला यायला हवा. शेल्फवर ठेवू नका, नावावर जाऊ नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. काल घरातल्या दोन सतरंज्या अंथरून आणि खिडकीवर गोधडी टांगून टाळी वाजवली. ‘टिंग’ बराच गेला. मग उधारीच्या स्पीकरवर तानपुरा लावला तर खर्जाला काहीतरी कुरकुरायला लागलं. स्पीकर फाटला म्हणून घाबरलो. कपाटाच्या दारावर हात ठेवला, बंद. काढला, पुन्हा सुरू. बिजागरीत कागदाची घडी सारली आहे.

दुसऱ्या एका दुकानाने अनामत घेऊन हार्बेथ शनिवार-रविवार घरी द्यायचं कबूल केलंय. सोमवारी इथेच लिहितो. आईला अजून किंमत सांगितलेली नाही.