खासगी कचरावाल्याला पैसे कशासाठी मोजायचे?

तिसरा_मजला: पंचायतीची गाडी येत असूनही आमच्या सोसायटीने खासगी माणूस लावायचा ठराव केला. कोणी 'पर्यावरण' म्हणालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. मला विचाराल तर पर्यावरण हे निमित्त. पैसे देतात ते ठरल्या दिवशी गाडी दारात येते म्हणून. पंचायत सुका कचरा नेते, ओला घरीच जिरवा म्हणते. तिसऱ्या मजल्यावर कुठे जिरवू? कोळंबीची सालं दोन दिवस बाल्कनीत ठेवून बघा. आणि डायपर? ते तर माडांच्या भाटातही जिरत नाहीत.

मयेचा_भाटकार: घरपट्टी भरायची, वर कचरा शुल्क, वर हा तिसरा खर्च! २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण घरांवर टाकलं, पण दारोदार गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेचीच ठेवली. ऐपतवाले बाजूला झाले की ग्रामसभेत पंचांना जाब कोण विचारणार? मागे राहतो तो भाड्याच्या खोलीतला. त्याची पिशवी मग रात्री पुलाच्या कठड्यावरून खाली.

तिसरा_मजला: ग्रामसभेत विचारून झालं. 'पुढच्या बैठकीत घेऊ.'

फोंड्याची_सून: दोघेही गाडीवरच अडलात. घरात कचरा वेगळा करतं कोण? दुधाच्या पिशव्या धुवून दोरीवर वाळत घालणाऱ्या बाईसमोर गाडीत सगळं एकत्र ओतलं, की तिचा हुरूपच जातो. माझ्या माहेरी हेच झालं. तिथं वहिनीने खासगी सेवा धरली ती का, माहीत आहे? त्या पोराने मिसळलेली पिशवी उचललीच नाही, दारात परत ठेवली. वहिनी आधी चिडली, मग म्हणाली, म्हणजे पुढे खरंच वेगळं जातं!

मडगावचो: पर्यावरण निमित्त? २०१९ च्या मे महिन्यात आमच्या मडगावच्या सोनसोड्यावरचा कचऱ्याचा डोंगर पेटला, तो धूर ज्यांनी गिळला त्यांना विचारा. आमच्याकडे बरेच जण तेव्हापासून कचऱ्याचं नाव काढलं की गंभीर होतात. पण माझी शंका निराळी. पुठ्ठा, बाटल्या भंगारवाला उलट पैसे देऊन नेतो. चिप्सची पाकिटं कोणालाच नकोत, ती शेवटी कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांत जातात. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस तर साळगावचा सरकारी प्रकल्पही करतो. मग 'रीसायकलिंग' म्हणून आपण नेमकं काय विकत घेतो?

तिसरा_मजला: हा प्रश्न खरा. आमच्या ठरावात कुठे नेतो, किती नेतो, याची एक ओळ नाही. पुढच्या बैठकीत मासिक हिशेब मागतो.

मयेचा_भाटकार: मागा, आणि तो कागद घेऊन ग्रामसभेला या. पंचांनाही दिसू दे काय जमतं ते. मी मात्र छदाम देणार नाही. माझा ओला कचरा माडांच्या आळ्यांत जातो.

फोंड्याची_सून: भाटकारबाब, आळी सगळ्यांकडे नसतात. आणि सुका कचरा?

मयेचा_भाटकार: पंचायत नेते. आली तर.