स्विमिंग पूल गळतोय आणि कंत्राटदार म्हणतो आधी उरलेले पैसे द्या – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात आमचं छोटं घर आहे. आम्ही राहायला ठाण्यात, पण आई वर्षातले बरेच महिने तिकडेच असते. तिचे दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टरांनी पाण्यात चालण्याचा व्यायाम सांगितलाय आणि त्यासाठी रोज लांब कुठे जाणं तिच्या आवाक्यातलं नाही. म्हणून घरामागच्या जागेत पूल बांधून घेतला. घर भाड्याने देत नाही, पाहुण्यांनाही पैसे घेऊन ठेवत नाही. निव्वळ घरच्या वापरासाठी आहे.

माप साधारण २६ फूट बाय १३, खोली साडेतीन फुटांपासून साडेपाच फुटांपर्यंत, म्हणजे अंदाजे ४३ हजार लिटर पाणी. कोटेशन १० लाख अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ११ लाख ८० हजारांचं. त्यात खोदाई, आरसीसी, वॉटरप्रूफिंग, ग्लास मोझॅक टाइल्स, दीड एचपीचा पंप, सँड फिल्टर, पाण्याखालचे दोन दिवे आणि ‘गळतीची एक वर्ष हमी’ असं सगळं छापील आहे, खाली त्याची सही-शिक्का आहे. हप्ते ३०-३०-३०-१० टक्के. पहिले तीन हप्ते बँकेतून दिले, म्हणजे १० लाख ६२ हजार त्याला पोचलेत. तिसऱ्या हप्त्याला तो रोख मागत होता, जीएसटी वाचेल म्हणाला. आम्ही ऐकलं नाही. पण त्या हप्त्याचं बिल त्याने आजतागायत दिलेलं नाही.

एप्रिलच्या शेवटी पूल भरला आणि दुसऱ्याच दिवशी पाणी खाली गेलेलं दिसलं. त्याचं उत्तर: "मॅडम, ऊन बघा किती आहे, बाष्पीभवन होणारच." मग माझ्या भावाने पूलच्या पायरीवर पुलातल्याच पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि बादलीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर खूण केली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघितलं तर बादलीतलं पाणी सात-आठ मिलिमीटर उतरलं होतं, पुलातलं चार सेंटिमीटर. एवढ्या क्षेत्रफळाला एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ३१५ लिटर. उन्हाचं वजा करूनही रोजचे हजार लिटर जमिनीत जात होते, तेही मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना. टँकर मागवून पूल भरायचा आणि ते पाणी असं जाताना बघायचं, आईला ते सहन होईना. तिनेच भरणं थांबवायला लावलं.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिचा अर्थ मला कळलेला नाही. पाणी असं उतरत उतरत दिव्यांच्या पातळीला आलं की उतरणं जवळपास थांबायचं. त्याखाली फक्त उन्हाने जाईल तेवढंच जायचं. शिवाय उथळ बाजूला जिथे भिंत आणि तळ मिळतात तिथल्या काही टाइल्स वाजवल्या की पोकळ आवाज येतो. आणि पंपाच्या पाटीवर एक एचपी लिहिलंय, दीड नाही.

हे सगळं फोटोंसकट व्हॉट्सॲपवर कळवलं. त्याचं उत्तर जसंच्या तसं देते: "बॅलन्स पेमेंट क्लिअर करा मग माणूस पाठवतो. नाहीतर मोटर आणि फिल्टर उचलून नेऊ." नंतर नवऱ्याने फोन केला तेव्हा जरा नरमला आणि म्हणाला, पूल पूर्ण रिकामा करून ठेवा, मी येऊन टाइल्सच्या फटींत सगळीकडे नव्याने एपॉक्सी ग्राउट भरून देतो, पण आधी निम्मे पैसे.

आता आषाढ चालू आहे. घराला लागून भातखाचरं आहेत, ती तुडुंब भरलीत. पूल रिकामा करावा का? उरलेले १ लाख १८ हजार अडवून ठेवायचा आम्हाला हक्क आहे का? स्टॅम्पपेपरवर करार नाही, फक्त कोटेशन, बँकेच्या नोंदी आणि मेसेज आहेत, तेवढ्यावर तक्रार उभी राहते का? आणि ती करायची कुठे: पोलिसांत, ग्राहक मंचात, की रेरात? ज्यांनी असं काही निभावलंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, बाकी सगळं नंतर वाचा, आधी हे: पूल रिकामा करू नका. कोणी कितीही सांगितलं तरी पावसाळा संपेपर्यंत नाही.

मी स्थापत्य अभियंता आहे, पाण्याच्या टाक्यांची कामं केली आहेत. तुमचा पूल भरलेला असला की त्यात ४३ टन पाणी असतं. शेजारी खाचरं भरलेली, म्हणजे भूजल जमिनीपासून फार खाली नसणार. ते तळाखालून वर दाब देतं आणि आतल्या पाण्याचं वजन त्याला तोलून धरतं. आतलं वजन काढून घेतलंत तर आरसीसीचं अख्खं पात्र रिकाम्या होडीसारखं वर उचललं जाऊ शकतं किंवा तळाला तडा जातो. मग एपॉक्सी ग्राउटचा प्रश्नच उरत नाही, पूल नव्याने बांधावा लागतो. तळातल्या मेन ड्रेनमध्ये हायड्रोस्टॅटिक रिलीफ व्हॉल्व्ह (खालच्या भूजलाचा दाब मोकळा करणारी झडप) बसवला आहे का, हे त्याला लेखी विचारा. बसवला असला तरी आत्ता रिकामा करायचा धोका घेऊ नका.

दुसरं, तुम्ही दिव्यांबद्दल लिहिलंय तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. पाणी ज्या पातळीला थांबतं, गळती बहुधा त्याच पातळीला असते. दिव्याच्या खोबणीत पाणी असणं नेहमीचंच आहे, पण तिथून वायर ज्या पाइपातून बाहेर जाते तो पाइप तोंडाशी सील करावा लागतो. ते राहिलं की पाणी त्या पाइपातून सरळ जंक्शन बॉक्सपर्यंत जातं आणि तिथून जमिनीत. बॉक्स उघडून बघा, पण आधी मेन स्विच बंद करा आणि हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. दिवे १२ व्होल्टचे आहेत का आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हेही त्याच्याकडून तपासून घ्या. तोवर आईंना पाण्यात अजिबात उतरू देऊ नका. पैशांपेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

पोकळ टाइल्सचा विषय वेगळा. तळ आणि भिंत यांचं काँक्रीट वेगवेगळ्या दिवशी पडतं, त्या सांध्यात वॉटर बार, म्हणजे पाणी अडवणारी पट्टी, घालतात. तो घातलाय का, हे बांधतानाच्या फोटोंवरून कळेल. तुमच्याकडे त्या वेळचे फोटो असतील तर एकही पुसू नका. भारतीय मानकांत आयएस ३३७० पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठी आहे, त्यात आरसीसीला किमान एम ३० ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) सांगितली आहे. आयएस ६४९४ तर खास भूमिगत टाक्या आणि जलतरण तलावांच्या वॉटरप्रूफिंगचं आहे. टाइल्स लावायच्या आधी नुसतं काँक्रीटचं पात्र भरून पाण्याची चाचणी घ्यायची असते. ती घेतली होती का आणि नोंद कुठे आहे, हा प्रश्न त्याला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तरी ते तुमच्याच उपयोगाचं.

प्रतिसाद २

वरच्या अभियंता दादांशी सहमत. आमच्या सोसायटीच्या पुलाला असंच होतं, एका दिव्याच्या पाइपातून गळत होतं आणि आधीच्या माणसाने तळाच्या सगळ्या टाइल्स उगाच उखडून ठेवल्या होत्या. अजून एक चाचणी करा: एक दिवस पंप चालू ठेवून उतार मोजा, एक दिवस बंद ठेवून. चालू असताना जास्त उतरत असेल तर फिल्टरकडून परत येणाऱ्या पाइपलाइनमध्येही गळती आहे. दिव्याजवळ पाणी अगदी शांत असताना सिरिंजने शाईचे थेंब सोडा. गळती असेल तर शाई तिकडे ओढली जाताना डोळ्यांना दिसते. व्हिडिओ काढा.

प्रतिसाद ३

कायद्याच्या बाजूने लिहितो. घराच्या रंगकाम-वॉटरप्रूफिंगच्या वादात मी स्वतः तक्रारदार होतो, निकाल आमच्या बाजूने लागला.

रेरा विसरा, तो स्थावर मालमत्तेचा कायदा प्रवर्तक (बिल्डर) आणि घर घेणारे यांच्यासाठी. पोलिस म्हणतील हे दिवाणी आहे, आणि ते बहुतेक खरं आहे. काम खराब केलं म्हणजे आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो. मात्र तो खरोखर पंप उचलायला आला तर लगेच पोलिसांत लेखी अर्ज द्या, त्या मेसेजची प्रत जोडून. पंप-फिल्टरच्या अनुक्रमांकांचे फोटो आजच काढून ठेवा. एक एचपीची पाटीही त्यात येऊ द्या, ते कोटेशनच्या थेट विरुद्ध आहे.

तुमची जागा म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग (पूर्वीचा ग्राहक मंच). ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू झाल्यापासून तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे ठाण्यातच करा, अलिबागला खेपा घालायची गरज नाही. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर जिल्हा आयोग. तुम्ही दिलेली रक्कम १० ते २० लाखांत बसते, म्हणून फी ४०० रुपये. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. काही कंत्राटदार तेवढ्यानेच हलतात. तुम्ही भाड्याने देत नाही हे लिहिलंत ते बरं केलंत. समोरचा वकील ‘व्यावसायिक वापर’ हा मुद्दा सगळ्यात आधी काढतो, म्हणून तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ते स्पष्ट लिहा, आईंच्या डॉक्टरांची चिठ्ठीही जोडा.

स्टॅम्पपेपर नसला तरी बिघडत नाही. सही-शिक्क्याचं कोटेशन आणि बँकेतून गेलेले हप्ते हाच करार. व्हॉट्सॲप संभाषण देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी हेच ६५ ब म्हणून ओळखलं जायचं. फोन बदलू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा.

उरलेल्या पैशांबाबत: नुसते गप्प बसून अडवू नका. लेखी कळवा की रक्कम तयार आहे, दुरुस्ती होऊन पाण्याची चाचणी पास झाली की त्याच दिवशी देऊ. नाहीतर तोच उद्या म्हणेल की यांनीच करार मोडला. आणि त्याने हात लावायच्या आधी तटस्थ अभियंत्याचा लेखी अहवाल घ्या. मुंबईत व्हीजेटीआयसारख्या अभियांत्रिकी संस्था फी घेऊन असं काम करतात, नाहीतर चार्टर्ड इंजिनिअर चालतो. दुरुस्तीनंतर मूळ दोष सिद्ध करणं फार जड जातं, आमच्या बाबतीत तिथेच सगळ्यात जास्त तारखा गेल्या. कायद्यात तीन महिने, चाचणी लागली तर पाच असं लिहिलंय, पण मनाची तयारी त्याहून जास्तीची ठेवा. दोघांची तयारी असेल तर आयोग मध्यस्थीकडेही पाठवतो. तुमच्यासारख्या प्रकरणात तो रस्ता चांगला, कारण तुम्हाला शेवटी चालणारा पूल हवाय.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पूल रिकामा करत नाही आहोत, त्याला तसं लेखी कळवलं. काल इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून जंक्शन बॉक्स उघडला. आत पाणी होतं आणि वायरच्या जोडावर हिरवट गंज चढला होता. आरसीसीबी नाहीच. पुलाची लाइन तोडून ठेवली आहे. दादा, तुम्ही लिहिलं नसतंत तर पाऊस उघडल्यावर आई त्या पाण्यात उतरली असती. हे वाचल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

नोटिशीचा मसुदा केलाय, चुकत असेल तर सांगा:

"आपण दिलेल्या कोटेशननुसार पूल बांधण्यासाठी आम्ही रु. १०,६२,००० बँकेमार्फत दिले आहेत. पुलास गळती असून दिव्यांच्या वायरचे पाइप सील केलेले नाहीत, विद्युत सुरक्षा यंत्रणा बसवलेली नाही, तसेच दीड एचपीऐवजी एक एचपीचा पंप बसवला आहे. ही सेवेतील त्रुटी आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण स्वखर्चाने दुरुस्ती करून पाण्याची चाचणी द्यावी, अन्यथा ग्राहक आयोगात दाद मागू."

प्रतिसाद ३

चांगला आहे. तीन गोष्टी घाला. एक, विद्युत भागाची दुरुस्ती तातडीने आणि तळ-सांध्याचं काम भूजल उतरल्यावर, अभियंत्याच्या देखरेखीखाली, असे दोन टप्पे लिहा, म्हणजे ‘यांनी पूल रिकामा करू दिला नाही’ असं त्याला म्हणता येणार नाही. दोन, मुदतीत काम न केल्यास दुसऱ्याकडून करून घेऊ आणि तो खर्च, टँकरचा खर्च व मनस्तापाची भरपाई तुमच्याकडून वसूल करू, हे आकड्यांसह. तीन, तिसऱ्या हप्त्याचं जीएसटी बिल मागा.

पाठवताना स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकलात की नोंदणीचा पत्ता दिसतो, तिथेही एक प्रत जाऊ द्या. कोटेशनवरचा पत्ता बंद गाळ्याचा निघाला की नोटीस परत येते आणि महिना वाया जातो.

धागाकर्ती

क्रमांक टाकून बघितला. नोंदणी चालू आहे, पत्ता पनवेलचा निघाला, कोटेशनवर कर्जतचा होता. दोन्हीकडे पाठवते, व्हॉट्सॲपवरही टाकते. चार्टर्ड इंजिनिअर शनिवारी पाहणीला येतोय, त्याचा अहवाल जोडूनच नोटीस जाईल. पंप चालू-बंद ठेवून मोजायची चाचणी लाइन तोडल्यामुळे आत्ता होणार नाही. ती इंजिनिअरला तात्पुरत्या सुरक्षित जोडणीवर करता येईल का, हे विचारते आणि इथे लिहिते.