मदत हवी आहे: कोबाल्ट फेराइटमध्ये हेमेटाइटची भेसळ

सहअवक्षेपणाने (दोन्ही धातू द्रावणातून एकत्र खाली बसवून) कोबाल्ट फेराइट हे चुंबकीय ऑक्साइड करतोय. ०.२ मोलर फेरिक क्लोराइड आणि ०.१ मोलर कोबाल्ट क्लोराइड, प्रत्येकी १०० मिली; त्यात ३ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब, पीएच १२, मग ८० अंशांवर तासभर ढवळणे. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने गढूळपणा येईना इतकं धुतलंय, म्हणजे क्लोराइडचा प्रश्न नाही. तरी ६०० अंशांवर भाजल्यावर एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) ३३.२ अंशांच्या कोनापाशी हेमेटाइटचं, म्हणजे नुसत्या लोह ऑक्साइडचं, शिखर दिसतंच.

संशय अल्कली घालण्याच्या क्रमावर आहे: लोह पीएच ३ च्या आतच खाली बसतं, कोबाल्ट मात्र ८ च्या आसपास, त्यामुळे दोन्ही वेगवेगळे साचतात. उलट केलं, म्हणजे क्षारांचं मिश्रण गरम अल्कलीत एकदम ओतलं, तर शिखर जाईल का? कण फार बारीक होऊन कोअर्सिव्हिटी (चुंबकत्व पुसायला लागणारं उलट चुंबकीय क्षेत्र) पडेल, ही धास्ती आहे. भाजण्याचं तापमान वाढवून ती परत मिळवता येते का? जस्त मिसळायचं नाहीये, त्याने ती आणखीच उतरते.